बंदर घराजवळ असेल तर क्रूझचं तिकीट कधी काढावं?

कॉर्डेलिया क्रूझ कंपनीच्या ‘एम्प्रेस’ जहाजाने मुंबई–गोवा–मुंबई करून आले, आणि लालबागला आमच्या बिल्डिंगच्या जिन्यातच पहिला प्रश्न आला: “केवढ्याला पडली?” मी आकडा सांगितला. दुसऱ्या मजल्यावरची वहिनी म्हणाली, “अगं, माझ्या भावाने तर याच्या दीडपट दिले!” तेच जहाज, तीच गोव्याची फेरी, केबिनही खिडकी नसलेली, आतलीच. मग एवढा फरक का पडतो, हे मी तिला जिन्यात उभ्याउभ्या सांगितलं. तेच इथे सविस्तर लिहिते. जहाजाबद्दल थोडं लिहीन, तिकीट कधी काढावं याबद्दल जास्त.

मी नोकरीची सगळी वर्षं रेल्वेच्या आरक्षण खिडकीमागे काढली, त्यामुळे भाड्याचा विषय निघाला की माझे कान टवकारतात. साध्या गाडीचं भाडं ठरलेलं असतं. साठ दिवस आधी काढा (नोव्हेंबर २०२४ च्या आधी ही मुदत १२० दिवसांची होती) नाहीतर चार दिवस आधी, स्लीपरचे पैसे तेच. राजधानी, शताब्दी, दुरांतोला मात्र २०१६ पासून फ्लेक्सी भाडं लागलं. दर दहा टक्के जागा भरल्या की मूळ भाडं दहा टक्क्यांनी चढतं, सुरुवातीला जास्तीत जास्त दीडपट होईपर्यंत, २०१९ पासून १.४ पट होईपर्यंत. आणि २०१७ पासून, पहिला चार्ट लागल्यावर ज्या जागा रिकाम्या उरतात त्यांच्यावर मूळ भाड्यात दहा टक्के सूट. क्रूझचा भाव या दोन्ही नियमांच्या मिश्रणावर चालतो. फरक एवढाच की रेल्वेचं परिपत्रक निघतं, क्रूझवाले काही छापत नाहीत. केबिन भराभर जात असतील तर भाव चढत जातो. सुटायची तारीख जवळ आली आणि केबिन उरल्या, तर उतरतो. रिकाम्या केबिनसह जहाज सुटलं की त्या केबिनचे पैसे कायमचे बुडाले. शिवाय केबिनमध्ये माणूस असेल तर तो जहाजावर स्पा, दारू, फोटो, कसिनो यांवर काही ना काही खर्च करतो. म्हणून शेवटी शेवटी कमी पैशात देणं कंपनीला परवडतं.

मग सगळ्यांनी शेवटपर्यंत थांबावं का? मुळीच नाही. कोणी थांबावं आणि कोणी थांबू नये, यातच सगळी मेख आहे.

आमच्या घरात हे दोन्ही प्रकार झालेत. डिसेंबरच्या सुट्टीत सासूबाई, मी, आमचे हे, धाकटी जाऊ, दीर आणि त्यांची मुलं असे सगळे मिळून गेलो. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे लिफ्टजवळची केबिन हवी होती. जाऊबाईंना बोट लागते, म्हणून त्यांना खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यभागी जागा हवी होती, कारण तिथे हेलकावे सगळ्यात कमी जाणवतात. मुलांच्या शाळेमुळे तारखा बदलणं शक्य नव्हतं. आणि सगळ्यांना शेजारशेजारच्या केबिन हव्या होत्या. इतक्या अटी असताना ‘बघू, शेवटी स्वस्त होईल’ म्हणून थांबणं म्हणजे सासूबाईंच्या गुडघ्यांशी खेळणं. आम्ही गणपती झाल्या झाल्या बुकिंग केलं. पैसे कमी लागले असं म्हणणार नाही, पण हव्या त्या केबिन हव्या तिथे मिळाल्या, आणि पुढे नोव्हेंबरात त्याच फेरीचा भाव मी पाहिला तेव्हा तो चांगलाच वर गेला होता.

दुसऱ्या वेळी आम्ही दोघंच होतो. फेब्रुवारीचा शेवट, मधले वार, केबिन कुठलीही चालेल. निवृत्त माणसांना सोमवार काय आणि शनिवार काय! दादरच्या आमच्या एजंट ताईंना सांगून ठेवलं होतं, “आतली केबिन, दोघं जण, मधल्या वारी सुटणारी कुठलीही फेरी. भाव पडला की फोन करा.” फेरी जेमतेम आठवड्यावर आली असताना ताईंचा फोन आला. “काकू, उद्या संध्याकाळपर्यंत ठरवा. कर धरून माणशी सतरा हजारांच्या आत बसतंय.” महिन्याभरापूर्वी याच फेरीला त्यांनी बावीस सांगितले होते. हे आकडे धरून बसू नका, भाव आठवड्याआठवड्याला हलतो. पण उतार किती असू शकतो, याची कल्पना यावी म्हणून सांगितले.

आता हा उतार आम्हाला घेता आला तो कशामुळे? लालबागहून क्रूझ सुटते त्या बॅलार्ड पिअरला टॅक्सीने किती वेळ लागतो ते मुंबईकरांना सांगायला नको. विमानाचं तिकीट नाही, आदल्या रात्रीचं हॉटेल नाही, व्हिसा नाही. आठवडाभर आधी फोन आला तरी बॅग भरून निघता येतं. इंदूर किंवा नागपूरहून येणाऱ्या कुटुंबाला हीच सूट मिळाली, तरी ऐनवेळच्या विमानभाड्यात किंवा तत्काळच्या धावपळीत ती जिरून जाते. त्यांनी लवकर बुकिंग केलेलंच बरं. पण ठाणे, पनवेल, विरारच्या अलीकडे राहणाऱ्यांना शेवटच्या क्षणाची सूट अख्खी खिशात टाकता येते. इतके फायदे-तोटे सांगतात लोक, पण हा फायदा कोणी बोलून दाखवत नाही, म्हणून मी मुद्दाम मोठ्याने सांगते आहे.

आता मुंबईचं पंचांग. पावसाळ्यात अरबी समुद्रात क्रूझ चालत नाही. २०२३ साली हेच जहाज पावसाळ्यात चेन्नईहून श्रीलंकेच्या फेऱ्या करत होतं. म्हणजे आपल्याकडचा मोसम दसऱ्याच्या आसपास ते मे. त्यात दिवाळीनंतरचा आठवडा, नाताळ ते ३१ डिसेंबर, प्रजासत्ताक दिनाला जोडून येणारे शनिवार-रविवार, होळीची जोडसुट्टी आणि मे महिना, इथे सूट शोधू नये. दिवाळीनंतर तर गुजराती कुटुंबं पंधरा-पंधरा, वीस-वीस जणांनी निघतात. जहाजावर जैन जेवणही मिळतं, त्यामुळे तेव्हा केबिन उरण्याची वाट बघणं फुकट. या तारखा हव्या असतील तर जितकं आधी जमेल तितकं आधी. लग्नसराईतलीही एक गोष्ट लक्षात ठेवा. कधी कधी लग्नासाठी किंवा कंपनीच्या कार्यक्रमासाठी केबिनांचे गठ्ठेच्या गठ्ठे राखले जातात, मग बाहेरच्यांना उरलेल्या थोड्या केबिन चढ्या भावाने घ्याव्या लागतात. बुकिंग करण्याआधी एजंटला सरळ विचारावं, “या फेरीला मोठा ग्रुप आहे का?” डेकवरचा स्विमिंग पूल दोन दिवस दुसऱ्यांच्या संगीताला दिलेला असेल, तर स्वस्तातली फेरीसुद्धा नको वाटते.

भाव नरम असतात ते डिसेंबरचे पहिले दोन आठवडे, आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत, बारावी-दहावीच्या परीक्षा आणि पाठोपाठ शाळांच्या परीक्षा सुरू असतात तेव्हा. ज्यांच्या घरात परीक्षेचं कोणी नाही त्यांच्यासाठी हे दिवस सोन्यासारखे. हवा चांगली, समुद्र शांत, जेवणाला रांग नाही. त्यातही सोमवार-बुधवारला सुटणारी फेरी शुक्रवारच्या फेरीपेक्षा स्वस्त पडते, कारण शुक्रवारी अर्धं ऑफिस निघालेलं असतं.

लक्षद्वीपची फेरी याला अपवाद धरा. ती लांब असते, फेऱ्या कमी असतात, आणि बेटांवर जायला परवाना लागतो. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या भेटीनंतर लक्षद्वीपचं नाव ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. त्या फेरीसाठी शेवटपर्यंत थांबू नये असं माझं मत. आणि जहाज बेटाला लागत नाही, छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेतात. समुद्र खवळला तर उतरणं रद्दही होतं. घरातल्या मोठ्या माणसांना घेऊन जाणार असाल, तर पैशांच्या आधी याचा विचार करा.

आता जाहिरातीतल्या भावाबद्दल. माझा सगळ्यात जास्त राग इथे आहे. डिसेंबरच्या बुकिंगच्या वेळी एका ऑनलाइन पोर्टलवर ‘फक्त १४ हजारांपासून’ असं दिसलं. पुढे गेल्यावर कळलं की ते एका माणसाचे, तेही दोघांनी केबिन वाटून घेतली तर. मग पोर्ट शुल्क आलं, जीएसटी आला, जहाजावरच्या सेवेचं दर रात्रीचं, दर माणशी शुल्क आलं, पोर्टलची स्वतःची फी आली, आणि नको असताना विम्यावर आधीच बरोबरची खूण केलेली. शेवटच्या पानावर माणशी एकवीस हजारांच्या वर गेले. बायांनो आणि भावांनो, भाव विचारताना एकच वाक्य वापरा: “आमच्या केबिनचे, सगळं धरून, एकूण किती?” दोन ठिकाणचे हे एकूण आकडे शेजारीशेजारी लिहा आणि मगच सूट मोजा.

‘मुलं फुकट’ वाचूनही हुरळून जाऊ नये. आई-वडिलांच्या केबिनमध्ये तिसरं-चौथं म्हणून झोपणाऱ्या मुलाचं भाडं माफ असतं, पोर्ट शुल्क आणि कर बहुधा लागतातच. उलट चार मोठी माणसं एका केबिनमध्ये राहायला तयार असतील, तर तिसऱ्या-चौथ्याचं भाडं बरंच कमी असतं आणि ती सूट वर्षभर मिळते, कुठल्याही ऑफरची वाट बघावी लागत नाही. कॉलेजातल्या चार मैत्रिणींनी जायचं असेल तर यापेक्षा स्वस्त मार्ग नाही. एकट्या माणसावर मात्र अन्याय होतो. केबिन दोघांची धरलेली असल्याने एकट्याला जवळपास दोघांचे पैसे भरावे लागतात. माझी एक मैत्रीण, विधवा, तिला जायचं होतं आणि हा आकडा ऐकून ती गप्प झाली. तिला आम्ही आमच्याबरोबर तिसरी म्हणून नेणार आहोत.

जहाजाबद्दल आता. एम्प्रेस १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेलं आहे, आधी परदेशी कंपनीकडे होतं, आणि कॉर्डेलियाने सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून चालवायला घेतलं. जगातल्या आजच्या महाकाय जहाजांपुढे ते लहान आहे, आणि मला तेच आवडलं. दोन दिवसांत सगळं पायाखालचं होतं, सासूबाईंनासुद्धा जेवणाची जागा स्वतःची स्वतः सापडली. आतली केबिन छोटी असते, पलंग, छोटंसं टेबल, न्हाणीघर, झालं. पण केबिनमध्ये असतंच कोण! संध्याकाळी जहाज सुटतं तेव्हा वरच्या डेकवर उभं राहायचं. डावीकडे उरण-कारंजाचे दिवे, उजवीकडे गेटवे, ताज, मग कुलाब्याची दांडी आणि प्रॉन्ग्जचा दीपस्तंभ मागे पडतो. पुढे अंधारात खांदेरीचा दिवा लुकलुकतो. कान्होजी आंग्र्यांच्या समुद्रातून आपण जातोय, या विचाराने मला खरंच भरून आलं. आमचे हे देवगडकडचे, लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावाला गेलेले. ते कठड्याला धरून हर्णै, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग अशी बंदरांची नावं क्रमाने म्हणत होते, आणि शेजारचा एक पंजाबी मुलगा कौतुकाने ऐकत होता. हा भाग बाल्कनीवाल्याला आणि आतल्या केबिनवाल्याला सारखाच फुकट आहे. म्हणून दोन रात्रींच्या गोवा फेरीला बाल्कनीचे जास्तीचे पैसे देऊ नयेत. पाच रात्रींची फेरी असेल तर द्यावेत, तिथे दुपार केबिनमध्ये जाते.

स्वस्तातली एक गोष्ट समजून घ्यावी लागते, ती म्हणजे ‘गॅरंटी’ केबिन. तुम्ही फक्त प्रकार ठरवता, आतली किंवा खिडकीची. क्रमांक कंपनी देते, कधी कधी अगदी शेवटी. आम्हाला फेब्रुवारीत अशीच मिळाली, मागच्या टोकाला. इंजिनाची घरघर रात्रभर होती, पण लोकलच्या रुळांजवळ आयुष्य काढलेल्या माणसांना तिने झोपच लागते. हलकी झोप असणाऱ्यांनी किंवा बोट लागणाऱ्यांनी गॅरंटीच्या वाटेला जाऊ नये. तिथे वाचलेले पैसे औषधात जातात.

परदेशी क्रूझचं गणित वेगळं आहे, कारण तिथे बंदर आपल्या दारात नाही. आता सिंगापूरहून ‘जेन्टिंग ड्रीम’ या जहाजावर पुष्कळ मराठी कुटुंबं जातात. तिथल्या क्रूझवर शेवटच्या आठवड्यात सूट मिळाली, तरी मुंबई–सिंगापूर विमान तोवर महागलेलं असतं आणि सिंगापूरचा व्हिसा काढायचा असतो. म्हणून तिथे आधी विमानाचा भाव बघावा, त्यावरून तारीख ठरवावी आणि मग क्रूझ घ्यावी. सिंगापूरच्या शाळांना जूनमध्ये आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरभर सुट्टी असते, तेव्हा तिथले लोकच जहाजं भरतात. आपल्या मे महिन्याच्या अखेरीला निघणाऱ्यांना हे बहुधा माहीत नसतं. युरोप-अमेरिकेच्या कंपन्या जानेवारी ते मार्च मोठ्या ऑफर काढतात. त्यात भाडं कमी होतंच असं नाही, पुष्कळदा वायफाय, पेयांचं पॅकेज किंवा जहाजावर खर्चायला थोडे डॉलर देतात. तुम्ही दारू पीत नसाल तर पेयांच्या पॅकेजला सूट म्हणू नका. या कंपन्यांचे उरलेले पैसे साधारण ७५ ते १२० दिवस आधी भरावे लागतात. त्या तारखेला ज्यांचा बेत फिसकटलेला असतो ते रद्द करतात, आणि त्यांच्या केबिन परत विक्रीला येतात. म्हणजे अडीच ते चार महिने आधीचा, पैसे भरायच्या तारखेचा तो आठवडा लक्ष ठेवण्यासारखा. तेव्हा भाव उतरलेला दिसला आणि तुमचे पूर्ण पैसे अजून भरायचे असतील, तर एजंटला नव्या भावाने बुकिंग करून मागावं. बऱ्याच कंपन्यांत ते होतं, पण आधी अटी वाचाव्यात.

वेळ भरपूर असेल आणि समुद्र आवडत असेल, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भूमध्य समुद्रातली जहाजं कॅरिबियनकडे जातात आणि एप्रिलच्या सुमारास परत येतात. त्या एकमार्गी फेऱ्यांना रात्रीमागे पडणारा भाव खूप कमी असतो. मात्र परतीचं विमान आपल्याला काढावं लागतं आणि मधे कित्येक दिवस नुसतं पाणी. आमच्या ह्यांना ते चालेल, मला नाही.

परदेशी पॅकेजवर टीसीएस (विकणाऱ्याने आधीच वसूल केलेला आयकर) कापला जातो, तो आयकर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. पावती जपून ठेवा. आम्हा पेन्शनरांना ती रक्कम लहान नसते.

आणि एक सावधगिरी. मुंबईहून २०१९ च्या एप्रिलमध्ये ‘कर्णिका’ मोठ्या थाटात सुरू झाली होती, ती चालवणारी जलेश कंपनी २०२० साली बंद पडली. कोविडचा तडाखा होता, कोणाला दोष देत नाही. पण वर्ष-वर्ष आधी पूर्ण पैसे भरून मोकळं होण्याची सवय तेव्हापासून मी सोडली. लवकर बुकिंग करायचं ते थोडी रक्कम भरून, आणि रद्द केल्यास किती कापणार हे लेखी घेऊन. फक्त दोनशे-चारशे वाचतात म्हणून ‘परतावा नाही’ असं भाडं घेऊ नये. वयस्कर माणसं बरोबर असतील तर मुळीच नाही.

राहता राहिला एजंटचा प्रश्न. सगळं मोबाइलवर होत असताना दादरला जिना चढून कशाला जायचं? मला तरी ते पटलं. भाव उतरला की फोन करणारं माणूस, एक दिवस केबिन धरून ठेवणारं माणूस, आणि एकूण रकमेचा कागद पहिल्याच भेटीत हातात देणारं माणूस मला पोर्टलवर मिळालं नाही. ताईंनी डिसेंबरला बाल्कनीचा आग्रह केला नाही, उलट “काकू, गोव्याला नको” असं स्वतःहून सांगितलं. तुमच्या भागातल्या एजंटची परीक्षा घ्यायची असेल तर हाच प्रश्न विचारून बघा: गोव्याला बाल्कनी घेऊ का? ताबडतोब “घ्याच” म्हणाला, तर चहा पिऊन उठा.

जाताना ओळखपत्र मूळ प्रत न्या, झेरॉक्स चालत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये बंदरावरच्या नव्या क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालंय, तेव्हा कुठल्या गेटने जायचं ते तिकिटावर बघून मगच टॅक्सीवाल्याला सांगा, म्हणजे सामान ओढत पायपीट होणार नाही. आणि कोणाला आमच्यासारखी मधल्या वारची फेरी हवी असेल, तर बॅग अर्धी भरलेली ठेवा आणि फोन जवळ ठेवा. ताईंचा फोन बहुतेक वेळा दुपारी तीननंतर येतो.